'हे तूच केलंस का?' : रोदँचे पुतळे आणि त्यांच्या पुढच्या आवृत्त्या

(या भागाचं हे शब्दांकन आहे. बोलताना दोनदा आलेली वाक्यं गाळली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागे एकदा बोलता बोलता मी म्हणून गेलो होतो की मला पुतळ्यांचं वेड आहे. तेव्हापासून काही जण मागे लागलेत, की त्यावर एक अख्खा भाग कर. तर आज तो करतोय. विषय आहे ओग्युस्त रोदँ. फ्रेंच शिल्पकार, जन्म १८४०, मृत्यू १९१७. 'थिंकर', म्हणजे हनुवटीला हात टेकून बसलेला तो विचारी माणूस, तुम्ही शंभर मीम्समध्ये पाहिला असेल. तो ज्याने केला, तो हा रोदँ.

पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

बी.टेक.चं शेवटचं वर्ष, फायनल प्रोजेक्टची व्हायवा. बाहेरून एक्स्टर्नल सर आले होते. माझा प्रोजेक्ट म्हणजे एसटीच्या वेळापत्रकावरून दोन गावांमधला कमी वेळाचा रस्ता शोधून देणारं छोटं ॲप. चार महिने रात्री जागून केलेला. सरांनी पाच मिनिटं लॅपटॉपवर खाली-वर स्क्रोल केलं आणि विचारलं, "हे तूच केलंस का?" मी म्हटलं, हो सर. ते म्हणाले, "इतकं नीट चालतंय, म्हणजे कुठून तरी उचललेलंच असणार."

आता यावर काय बोलणार? माझ्याकडे दाखवायला फक्त शेवटचं फोल्डर होतं. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच फायनल' असली आधीची सगळी फोल्डरं मी लॅपटॉपवर जागा नाही म्हणून उडवून टाकली होती. जे नीट चालत होतं तेच शिल्लक होतं, आणि ते नीट चालतंय हाच माझ्यावरचा संशय होता. मार्क कापले गेले. ते ठीक आहे, पण तो प्रश्न डोक्यात राहिला. (एक गोष्ट मी त्या सरांना सांगितली नव्हती. ती शेवटी सांगतो.)

पुढे नोकरी लागली, काही महिने कामासाठी लंडनला होतो. शनिवार-रविवारी खिसा सांभाळून फिरायचं तर फुकट म्युझियम बरी. असाच एकदा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेलो. तिथे माणसाएवढा एक काळसर ब्राँझचा तरुण उभा होता. उजवा हात डोक्यावर, डाव्या हाताची मूठ खांद्याच्या उंचीला वळलेली, डोळे मिटलेले. झोपेतून उठतोय की कशाने तरी घायाळ झालाय, ते कळेना. नाव होतं 'एज ऑफ ब्राँझ', आपण 'ब्राँझ युग' म्हणू. बाजूच्या पाटीवर वाचलं, की हा पुतळा पहिल्यांदा दाखवला तेव्हा शिल्पकारावर आरोप झाला होता : हा तू घडवलेला नाहीस, जिवंत माणसाच्या अंगावरून साचा काढलायस.

मी तिथेच हसलो. म्हटलं, याचीही व्हायवा झालेली दिसते.

साचा म्हणजे नक्की काय

हा आरोप समजायला साच्याचं काम माहीत हवं. मी त्या बाबतीत नशीबवान, कारण माझं आजोळ पेणचं. पेण म्हटलं की गणपती. मामाचा गणपतीचा कारखाना आहे, आणि मे महिन्याची सगळी सुट्टी माझी तिथेच जायची.

कारखान्यात काय होतं? आधी एक मूर्ती मातीत हातांनी घडवतात. ती मनासारखी झाली की तिच्यावरून साचा काढतात. मग त्या साच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचं, बळकटीला काथ्या घालायचा, सुकलं की साचा सोडवायचा. एका मातीच्या मूर्तीतून शेकडो मूर्ती. पण एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. हात बहुतेक वेळा वेगळे ओतलेले असतात आणि मागाहून जोडतात. कारखान्यात एका कोपऱ्यात नुसत्या हातांचा ढीग असतो. लहानपणी मला त्या ढिगाची भीती वाटायची. हा ढीग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रोदँच्या काळात पॅरिसमध्ये क्रम साधारण हाच होता. शिल्पकार मातीत आकृती घडवायचा. तिच्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यातून प्लास्टरची प्रत. ती प्रत प्रदर्शनात जायची. कुणी विकत घेतली किंवा ऑर्डर दिली, तर ओतकाम करणारे कारागीर तिच्यावरून ब्राँझ ओतायचे, किंवा दगडकाम करणारे कारागीर संगमरवरात उतरवायचे.

यात साचा काढण्याला कुणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती पहिली पायरी गाळण्याला. माती न घडवता सरळ जिवंत माणसाच्या अंगावर प्लास्टर थापून साचा काढला, तर मग शिल्पकाराने केलं काय? आपल्याकडच्या भाषेत, दुसऱ्याची वही झेरॉक्स करून स्वतःचं नाव टाकल्यासारखं.

१८७७ : आरोप

रोदँ तेव्हा कुणी मोठा माणूस नव्हता. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने, एकोल दे बोझार्टने, त्याला प्रवेशपरीक्षेत तीनदा नापास केलं होतं. पोटासाठी तो इतरांच्या स्टुडिओत इमारतींवरची नक्षी, फुलदाण्यांवरच्या आकृत्या असली कामं करायचा. १८७१ पासून त्याच कामासाठी ब्रसेल्सला होता. स्वतःचं काम उरलेल्या वेळात.

१८७५ मध्ये त्याने हा पुतळा सुरू केला. मॉडेल म्हणून पैसे घेऊन पोझ देणारा सराईत माणूस त्याला नको होता, कारण असे लोक ठरलेल्या पोझमध्ये उभे राहतात. त्याने ओग्युस्त नेत नावाचा बेल्जियन सैनिक घेतला, वय २२. मधेच १८७६ च्या सुरुवातीला रोदँ इटलीला जाऊन मायकेलएंजेलो पाहून आला, परत येऊन पुन्हा त्याच मातीला लागला. एका पुतळ्यावर जवळजवळ दीड वर्ष.

आधी त्या डाव्या हातात भाला होता आणि नाव होतं 'पराभूत'. नंतर रोदँने भाला काढून टाकला, कारण भाल्यामुळे बाजूने पाहताना हाताची रेषा अडत होती. भाला गेला, मूठ तशीच राहिली. आणि मग लोकांना कळेना की हा माणूस करतोय तरी काय. कथा नाही, देव नाही, योद्धा नाही, नुसता एक माणूस. त्या काळच्या पुतळ्याला काहीतरी निमित्त लागायचं. निमित्त काढून घेतल्यावर उरलं फक्त शरीर, आणि ते इतकं खरं की ब्रसेल्सच्या एका वर्तमानपत्राने कुजबुज छापली. त्याच वर्षी पॅरिसच्या सालोनमध्ये, म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात, पुतळा गेला आणि तिथे उघड म्हटलं गेलं : हा साचा आहे.

वय ३६. पहिलं मोठं काम. आणि प्रश्न : हे तूच केलंस का?

रोदँने काय केलं बघा. त्याने नेतचे फोटो मिळवले. पोझ देतानाचा माणूस आणि पुतळा शेजारी ठेवून बघा, म्हणाला. नेतच्या अंगावरून खरोखरचे साचे काढून घेतले, की हे बघा साच्यातून काय येतं, आणि हे बघा माझं काय आहे. फरक असतो. प्लास्टरचं वजन कातडीवर पडलं की मांस दबतं. थंडीने अंग आक्रसतं, माणूस श्वास रोखून धरतो. साच्यातून येतो तो दबलेला, रोखलेला माणूस. घडवलेल्या आकृतीत शिल्पकार कुठे किंचित जास्त फुगवतो, कुठे खोल घेतो, म्हणून तिच्यावरून उजेड सरकतो. हे मी पुस्तकात वाचण्याआधी मामाकडे पाहिलंय. एकदा आम्ही पोरांनी गंमत म्हणून एकाच्या हाताचा साचा काढला. हात अगदी खरा, सुरकुतीन् सुरकुती आलेली, आणि तरी मेलेला वाटत होता.

पण पुराव्यांनी संशय पूर्ण मिटला नाही. तो मिटला माणसांमुळे. १८८० मध्ये पोल द्युबुआ, आंरी शापू, अलेक्सांद्र फाल्गियेर अशा त्या काळच्या नावाजलेल्या शिल्पकारांनी रोदँच्या बाजूने सरकारला पत्र लिहिलं. त्यांच्यातल्या आल्फ्रेड बुशेने रोदँला समोर मॉडेल नसताना हातांनी आकृती घडवताना पाहिलं होतं. मग सरकारने पुतळा विकत घेतला. म्हणजे शेवटी उपयोगी पडलं ते कुणीतरी काम चालू असताना पाहिलेलं असणं.

उत्तर म्हणून केलेला पुतळा

तोवर रोदँ गप्प बसला नव्हता. त्याने मनाशी ठरवलं, की पुढचा पुतळा माणसाहून मोठाच करायचा. माणसाच्या अंगावरून माणसाहून मोठा साचा कसा काढणार? सगळ्यात साधं उत्तर.

तो पुतळा म्हणजे उपदेश करणारा सेंट जॉन. उंची साधारण दोन मीटर. याच्या मॉडेलची गोष्ट रोदँ स्वतः सांगायचा. इटलीच्या आब्रुत्सी भागातला पिन्यातेली नावाचा एक शेतकरी त्याच्या दारात आला. आयुष्यात कधी पोझ दिलेली नव्हती. रोदँने त्याला चौथऱ्यावर चढायला सांगितलं. तो चढला आणि दोन्ही पाय फाकून, कंपासपेटीतल्या कर्कटासारखा, घट्ट उभा राहिला. रोदँला वाटलं, हा तर चालणारा माणूस! लगेच माती हातात घेतली.

आता गंमत बघा. या पुतळ्याचे दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेत. प्रत्यक्षात चालताना असं होत नाही, पुढचा पाय टेकेपर्यंत मागची टाच उचललेली असते. म्हणजे एका क्षणाचा फोटो काढला तर असा माणूस सापडणारच नाही. रोदँचं म्हणणं होतं की तेच तर हवं. मागचा पाय एका क्षणातला, पुढचा पाय दुसऱ्या क्षणातला. बघणाऱ्याचा डोळा मागून पुढे सरकतो आणि त्याला चालणं दिसतं.

ज्याच्यावर हुबेहूब नक्कल केल्याचा आरोप होता, त्याचं हे खरं उत्तर, असं मला वाटतं. आकार मोठा केला हे झालं वकिली उत्तर. पण दोन क्षण एका शरीरात जोडणं कुठल्याच साच्याला जमणार नाही.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये हा सेंट जॉनही आहे. 'ब्राँझ युग' मात्र रोदँने स्वतः इंग्लंडला दिलेल्या १८ शिल्पांपैकी एक. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि फ्रेंच-ब्रिटिश सैनिक एकत्र लढत होते, त्यांच्या सन्मानार्थ त्याने ही भेट दिली.

हातांचा ढीग

१६ ऑगस्ट १८८० रोजी सरकारने रोदँला एक मोठं काम दिलं. पॅरिसमध्ये सजावटीच्या कलांचं नवं म्युझियम होणार होतं, त्याचा दरवाजा. विषय दान्तेचा नरक. म्युझियम त्या जागी झालंच नाही. दरवाजा मात्र रोदँने जवळजवळ मरेपर्यंत सोडला नाही. सहा मीटरहून उंच, त्यावर दोनशेच्या आसपास आकृत्या. आपण आयटीवाले ज्याला 'न संपणारा प्रोजेक्ट' म्हणतो, तो. क्लायंट गेला, बजेट गेलं, माणूस काम करतोच आहे.

आणि इथे रोदँ बदलला. दरवाजासाठी तो एकामागून एक स्टडी करत गेला. बसलेले, पडणारे, वाकलेले, मिठी मारलेले. हे स्टडीज त्याने कधी टाकून दिले नाहीत. प्रत्येकाच्या प्लास्टरच्या प्रती काढल्या, एक नाही, अनेक. काही कापून हात वेगळे, पाय वेगळे, डोकी वेगळी ठेवली. या सुट्या तुकड्यांना स्टुडिओत 'आबाती' म्हणायचे. फ्रेंच खाटकाकडे कोंबडीचे गळा, पंख, पाय असे सुटे भाग मिळतात, त्यांचा हा शब्द. पॅरिसजवळ म्यूदोंला त्याचं घर होतं, तिथे या तुकड्यांची कपाटं, खण भरलेले होते. फोटोत ते पाहिल्यावर मला पहिली आठवण झाली पेणच्या कोपऱ्यातल्या ढिगाची.

या तुकड्यांतून तो नवीन शिल्पं जोडायचा. तीन उदाहरणं देतो.

एक. दरवाजाच्या अगदी माथ्यावर तीन पुरुष मान खाली घालून उभे आहेत, 'तीन छाया'. नीट पाहिलं तर ते तीन नाहीत. एकच आकृती तीनदा, फक्त वेगवेगळ्या कोनात वळवून ठेवलेली. आणि ती आकृतीही त्याच्याच आधीच्या 'आदम'वरून निघालेली. सरळ कॉपी-पेस्ट. पण वळवल्यामुळे आपल्याला एकाच शरीराची समोरची, डावी, उजवी बाजू एकदम दिसते, आणि तिघांचे हात खाली एकाच बिंदूकडे जातात.

दोन. दरवाजावर एक पडणारा पुरुष आहे, आणि एक उकिडवी बसलेली बाई. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. रोदँने पुरुष उभा केला, बाई उचलून त्याच्या छातीवर ठेवली. नवीन शिल्प झालं, नाव बोदलेअरच्या कवितेवरून : 'मी सुंदर आहे'. पडणाऱ्याची पाठ जशी ताणलेली होती तशीच राहिली, पण आता तो ताण ओझं पेलण्याचा झाला.

तीन. 'फ्युजित आमोर' नावाच्या जोडीत एक तरुण बाईच्या पाठीवर उताणा पडलाय, हात मागे फेकलेले, ती निसटतेय. रोदँने तो तरुण सोडवला आणि गुडघ्यांवर उभा केला. झाला 'उधळा पुत्र', आकाशाकडे हात करून क्षमा मागणारा. एकच शरीर. आडवं असताना वासना, उभं केल्यावर पश्चात्ताप.

मामाला मी हे फोनवर सांगितलं. तो अजिबात चकित झाला नाही. म्हणाला, "अरे, आम्ही दुसरं काय करतो? अंग तेच, हात बदलला की आशीर्वादाचा होतो, बासरी दिली की कृष्णरूपातला होतो. पण कुठला हात कुठल्या खांद्याला शोभतो, ते साचा नाही सांगत. त्याला डोळा लागतो." यापेक्षा सोपं करून मला कुणी सांगितलेलं नाही.

'थिंकर'ही याच दरवाजावरचा. तिथे तो सत्तर सेंटिमीटरच्या आसपासचा, दाराच्या वरच्या चौकटीत बसून खालचा नरक बघणारा. १८८८ मध्ये तो सुटा दाखवला, १९०४ मध्ये मोठा करून. १९०६ मध्ये पॅरिसच्या पाँतेओंसमोर बसवला. दारावर होता तोवर तो कवी होता. बाहेर पडल्यावर कुणीही झाला, म्हणून आज मीममध्ये बसतो.

डोकं नाही, हात नाहीत

आता ज्या शिल्पासाठी मी हा सगळा भाग करतोय, तिथे येऊ.

सेंट जॉनच्या दिवसांतला एक धडाचा स्टडी स्टुडिओत पडून होता. माती वाळून तडकलेली, पृष्ठभाग ओबडधोबड. आपण असतो तर फेकून दिला असता. सुमारे वीस वर्षांनी, १९०० च्या आसपास, रोदँने तो काढला आणि सेंट जॉनच्या त्या दोन पायांवर बसवला. डोकं लावलं नाही. हात लावले नाहीत. तडे बुजवले नाहीत. धड आणि पाय जुळतात तिथला सांधा गुळगुळीत केला नाही. नाव दिलं 'चालणारा माणूस'. १९०७ मध्ये तो मोठा करून, दोन मीटरहून उंच, सालोनमध्ये दाखवला.

लंडनहून सुट्टी काढून मी पॅरिसला गेलो तेव्हा रोदँ म्युझियममध्ये हा पाहिला. आधी सेंट जॉन पाहिलेला असल्यामुळे मला पाय ओळखीचे वाटले. सेंट जॉनला बघताना नजर चेहऱ्याकडे जाते, वर आलेल्या हाताकडे जाते, हा काय सांगतोय असं वाटतं. इथे सांगणारं तोंडच नाही. संत गेला, उपदेश गेला, राहिलं नुसतं चालणं. आणि ते चालणं सेंट जॉनपेक्षा जास्त आहे. मी त्याच्याभोवती तीन-चार फेऱ्या मारल्या. पाठीवर मातीचे गोळे तसेच आहेत, अंगठ्याने दाबल्याच्या खुणा तशाच आहेत.

आता १८७७ आठवा. तेव्हा पुतळा इतका सफाईदार की लोक म्हणाले, यात हाताची खूण कुठे आहे? तीस वर्षांनी त्याच माणसाने असा पुतळा दाखवला की ज्यात हाताच्या खुणांशिवाय दुसरं काही नाही. कुणी विचारणारच नाही, हे तूच केलंस का. जे बाकीचे शिल्पकार कच्चं काम म्हणून लपवत होते, तेच त्याने मुख्य काम म्हणून समोर ठेवलं. माझ्या दृष्टीने रोदँची खरी उडी ही आहे. स्टडी ही शिल्पाच्या आधीची पायरी राहिली नाही, तीच पुढची आवृत्ती झाली.

पण 'तूच' म्हणजे कोण?

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती, पण अर्धवट.

'चालणारा माणूस' मोठा कुणी केला? आंरी लबोसे नावाच्या तंत्रज्ञाने, १८३० च्या दशकात निघालेल्या कोलास यंत्राच्या पद्धतीने. तत्त्व पँटोग्राफचं : एका टोकाची सुई छोट्या प्रतीवरून फिरते, दुसऱ्या टोकाचं हत्यार तेच मोठ्या मापात कोरतं. 'थिंकर'ही त्यानेच मोठा केला. रोदँ ते तपासायचा, मंजूर करायचा, पण हत्यार लबोसेच्या हातात होतं. संगमरवरातली शिल्पं बहुतेक दुसऱ्या कारागिरांनी कोरली. ब्राँझ ओतणारे वेगळे. आणि कामीय क्लोदेल, जी स्वतः मोठ्या ताकदीची शिल्पकार होती, १८८४ च्या आसपासपासून त्याच्या स्टुडिओत काम करत होती. त्या वर्षांतल्या शिल्पांमधले हात-पाय तिने घडवल्याचं सांगितलं जातं. १९१३ मध्ये घरच्यांनी तिला मनोरुग्णालयात टाकलं आणि तीस वर्षांनी, १९४३ मध्ये, तिथेच ती गेली. तिच्या नावाचं स्वतंत्र म्युझियम नोजां-स्यूर-सेनला उघडलं ते २०१७ मध्ये. पाटीवर मात्र सगळीकडे एकच नाव : रोदँ.

रोदँच्या नंतर काय झालं तेही ऐका. १९१६ मध्ये त्याने आपलं सगळं काम, साचे आणि त्यांचे हक्क फ्रेंच सरकारला दिले, बदल्यात त्याच्या नावाचं म्युझियम व्हावं म्हणून. ते १९१९ मध्ये उघडलं. त्याच हक्काने म्युझियम आजही त्याच्या प्लास्टरवरून ब्राँझ ओतून घेऊ शकतं. फ्रान्समधल्या नियमाप्रमाणे एका शिल्पाच्या बारा प्रतींपर्यंत 'मूळ' मानतात : आठ क्रमांकाच्या आणि चार कलाकाराच्या म्हणून राखलेल्या. तेरावी झाली की ती नक्कल. तो नरकाचा दरवाजा रोदँने जिवंतपणी ब्राँझमध्ये पाहिलाच नाही. पहिलं ब्राँझ १९२० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या ज्यूल्स मास्टबॉम नावाच्या सिनेमागृहवाल्या उद्योजकासाठी ओतलं गेलं. म्हणजे ज्याच्या अंतिम आवृत्तीवर शिल्पकाराने कधी सही केली नाही, ते आज त्याचं सर्वांत मोठं 'मूळ' शिल्प म्हणून उभं आहे.

मी यावर बराच विचार केला. बारा खरे, तेरावा खोटा, हा नियम बाजारासाठी ठीक आहे. पण 'हे तूच केलंस का?' याचं उत्तर आकड्यात नाही. ते उत्तर म्हणजे एक लांबलचक यादी असते. पोझ दिली नेतने, पिन्यातेलीने. हात घडवले कामीयने. मोठं केलं लबोसेने. आणि कुठला तुकडा कुठे बसवायचा, कुठे थांबायचं, काय बुजवायचं नाही, हे ठरवलं रोदँने. ते ठरवणं त्याचंच, त्याबद्दल मला शंका नाही. पण यादीतली बाकीची नावं सांगितल्याने ते कमी होत नाही.

तर आता ती राहिलेली गोष्ट. माझ्या प्रोजेक्टमधलं रस्ता शोधणारं मुख्य फंक्शन मी एका ट्युटोरियलमधून घेतलं होतं. त्यात बदल करायला मला तीन आठवडे लागले, कारण बस काही दर मिनिटाला नसते, थांबण्याचा वेळही धरावा लागतो. ते तीन आठवडे माझे होते. पण घेतलं होतं, आणि रिपोर्टमध्ये मी ते लिहिलं नव्हतं. भीती वाटली, की लिहिलं तर सगळंच उचललेलं समजतील. सरांचा आरोप चुकीचा होता, पण मी गप्प बसलो ते काही पूर्ण स्वच्छ मनाने नाही.

आज माझ्या हाताखाली दोन इंटर्न आहेत. त्यांना मी दोनच गोष्टी सांगतो. जुन्या आवृत्त्या उडवू नका, फसलेल्या तर अजिबात नाही. आणि कुठून काय घेतलं ते वरतीच लिहून टाका. मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या एकीने सहा महिन्यांपूर्वी बाजूला टाकलेलं अर्धवट मॉड्यूल उचललं, दुसऱ्याच कामाला जोडलं आणि ते चाललं. तिने वर कमेंट लिहिली होती, कुठला भाग कुणाचा आणि तिने काय बदललं. मी रिव्ह्यूत काहीच विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही.

यंदा गणपतीच्या आधी पेणला जाणार आहे. मामाला 'चालणाऱ्या माणसा'चा फोटो दाखवायचाय. तो काय म्हणेल ते मला माहीत आहे : "हात लावायचे राहिले का रे?" त्याला काय उत्तर द्यायचं, ते तुम्हाला सुचलं तर खाली लिहा.